जड पाण्याचा भुर्दंड

नळाला पाणी येते की नाही, आणि आले तर किती दिवसांआड येते, या दोन प्रश्नांनी मराठवाड्यातील सार्वजनिक चर्चा इतकी व्यापून टाकलेली आहे की, आलेले पाणी कोणत्या गुणाचे आहे हे विचारणे ही चैन समजली जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा त्या पाण्याचे रासायनिक गुणधर्म विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षे लोटली. मांजरा धरण त्यानंतर भरलेही. टंचाईने लावलेली सवय मात्र सुटलेली नाही. शहराच्या कडेने उभ्या राहिलेल्या वसाहती विंधनविहिरींवर आणि टँकरवर जगत आहेत. ज्या घरांत धरणाचे पाणी पोहोचते, तेथेही ते संपले की तीच टाकी बोअरच्या पाण्याने भरली जाते. या पाण्यामुळे घरोघर एक मूक हानी चाललेली आहे. तिचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात आढळत नाही. म्हणूनच तो येथे मांडावयाचा आहे.

या हानीची लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. तोट्यांवर पांढरा थर चढतो, शॉवरची भोके बुजतात, गिझरची कॉईल वर्षा-दोन वर्षांत जळते. उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्यांवर मिठासारखी पुटे धरतात आणि वाऱ्याची वाट अडते. आमच्या आयांना हे पाणी दुसऱ्या कसोटीने ओळखता येत असे: ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही ते पाणी जड. ही कसोटी शास्त्रालाही मान्य होण्यासारखी आहे, कारण पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जाते व दाणा फुटू देत नाही. शालेय पुस्तकांनी याच पाण्याला ‘दुष्फेन’ असे सुरेख नाव दिले. त्यात साबणाचा फेस होत नाही, एवढीच त्यातील तक्रार होती. तांब्याच्या बंबाच्या काळात ती पुरेशीही होती. बंबात थर साचे, नाही असे नाही. पण बंब आतून खरवडला, ठोकून घेतला की पुन्हा दहा वर्षे चाले. विजेची उपकरणे इतकी सोशिक नसतात.

या क्षारांचे मूळ आपल्या पायाखालीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी दख्खनचे पठार बनले. या काळ्या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कर्बवायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील ही द्रव्ये बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळवीत खाली उतरते. ते जितका काळ खडकाच्या सहवासात राहील, तितके सामान्यतः अधिक जड होते. पाणी तापवले की ही प्रक्रिया उलटते. कर्बवायू निघून जातो आणि चुनखडी जेथे उष्णता सर्वांत जास्त तेथे, म्हणजे नेमकी कॉईलवर, जाऊन बसते. (गंमत अशी की याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची जी खनिजे सापडतात, त्यांच्याच जातीच्या द्रव्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाणी मृदू करण्याची यंत्रे तयार झाली. धुण्याच्या अनेक पावडरींतही ती घातली जातात. रोग आणि औषध एकाच दगडात असावे, असा हा प्रकार आहे.)

विंधनविहिरींची खोली हा या कथेतील निर्णायक भाग आहे. शेती आणि उद्योगांसाठी साठ मीटरांहून खोल विंधनविहिरी घेऊ नयेत, असे महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा सांगतो. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. मराठवाड्यात घरगुती बोअर पाचशे-सहाशे फुटांवर गेल्याचे ऐकून आता कोणी भुवई उंचावत नाही. वरचे, तुलनेने ताजे पाणी आपण उपसून संपवले आणि खालच्या, जुन्या पाण्याला हात घातला. त्याची किंमत गिझर चुकवतो आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार पाण्याचा एकूण दुष्फेनपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, अशी सवलत आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत १८० च्या पुढचे पाणी ‘अतिशय दुष्फेन’ गणले जाते. म्हणजे तेथील वर्गवारीची शेवटची पायरी जेथे येते, त्याच्या पुढे आपली ‘स्वीकारार्ह’ मर्यादा संपते. यात मानक करणाऱ्यांचा दोष नाही. ते मानक पिण्याच्या पाण्याचे आहे. दुष्फेनपणाने प्रकृतीला मोठा अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणास्तव त्याची मर्यादा ठरवलेली नाही. परंतु नळाचे पाणी केवळ पिण्यासाठी येत नाही. घरातल्या पाण्यापैकी पोटात जाते ते अगदी थोडे, बाकीचे सारे धुण्या-भांड्यांत, आंघोळीत आणि यंत्रांत जाते. त्या पाण्याला मानक कोणते, याचे उत्तर कोणत्याही खात्याकडे नाही.

आता थोडे अंकगणित. समजा, एका कुटुंबाला रोज शंभर लिटर पाणी तापवावे लागते आणि त्याचा दुष्फेनपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज चाळीस ग्रॅम आणि वर्षाला साडेचौदा किलोंहून अधिक चुनखडीजन्य द्रव्य त्या गिझरमधून वाहत जाते. त्यातले बहुतेक पाण्याबरोबर बाहेर पडते. पण एक दशांश जरी आत राहिले, तरी वर्षअखेर दीड किलोच्या आसपास थर जमतो. साबणाचा हिशेबही असाच आहे. ३०० मिलिग्रॅम दुष्फेनपणाच्या एका लिटर पाण्यातील क्षार निकामी करण्यात, रसायनशास्त्राच्या सूत्राने, सुमारे १.८ ग्रॅम शुद्ध साबण खर्ची पडतो. वीस लिटरच्या बादलीला हे ३६ ग्रॅम होतात. दीडशे ग्रॅमच्या वडीचा जवळजवळ चौथा हिस्सा फेस होण्याच्या आधीच कळकट साका बनून मोरीत जातो. धुण्याच्या पावडरींनी ही अडचण पुष्कळ कमी केली हे खरे, पण त्यांचाही एक भाग क्षारांशी झगडण्यातच संपतो आणि गृहिणी ‘एक चमचा जास्त’ टाकते.

येथे एका अतिशयोक्तीचीही दखल घेतली पाहिजे. पाणी मृदू करण्याची यंत्रे विकणारे सांगतात की, कॉईलवर थर बसला की विजेचे बिल भरमसाट वाढते. विजेच्या साठवणीच्या गिझरबाबत हे फारसे खरे नाही. कॉईल पाण्यात बुडालेली असते. तिची उष्णता थराच्या आडून का होईना, अखेर पाण्यातच जाते. होते ते एवढेच की, तांब्याच्या मानाने शंभराहून अधिक पटींनी मंदवाहक अशा थरामुळे कॉईलची स्वतःची उष्णता वाढत जाते आणि ती अकाली जळते. अमेरिकेतील बॅटेल संस्थेने २००९ च्या सुमारास केलेल्या चाचण्यांतही विजेच्या गिझरची कार्यक्षमता टिकून राहिली, आयुष्य मात्र घटले. गॅसच्या गिझरची कार्यक्षमताच उतरली. तो अभ्यास मृदूकरण व्यवसायाशी संबंधित संस्थेसाठी झालेला होता. त्यांच्याच निष्कर्षाने त्यांच्या विक्रेत्यांचा एक दावा सौम्य व्हावा, हे मला विशेष विश्वासार्ह वाटते. सर्वांत मोठी गैरसोय सौर बंबाची होते. सपाट तबकाच्या सौर बंबात तांब्याच्या अरुंद नळ्या असतात आणि त्या थराने बुजत जातात. ज्या मराठवाड्यात ऊन फुकट आहे, तेथे उन्हावर चालणारे यंत्र पाण्यामुळे निकामी व्हावे! कपडे धुण्याच्या यंत्राबाबत मात्र भीती थोडी आवरावी. आपल्याकडे बहुतेक घरांत धुणे थंड पाण्यानेच होते. यंत्रातील हीटरवर थर बसण्याचा प्रश्न गरम धुलाईपुरता आहे. इतरांना त्रास होतो तो पाणी आत घेणाऱ्या जाळीचा, झडपांचा आणि साक्याचा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा सारा प्रश्न एका शब्दात सांगता येईल: घसारा. कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो आणि त्यावर करसवलत घेतो. गृहस्थ तो धरत नाही. यंत्र बंद पडले त्या महिन्यात त्याला तो एकदम भेटतो आणि मग ‘खर्चाचा महिना’ म्हणून त्याची बोळवण होते. कल्पना करू की आठ हजारांचा गिझर चांगल्या पाण्यात दहा वर्षे टिकतो आणि जड पाण्यात पाच. मग त्याचा वार्षिक घसारा आठशेवरून सोळाशेवर जातो. वीस हजारांचे धुलाईयंत्र दहाऐवजी आठ वर्षे टिकले, तर आणखी पाचशे रुपये. मधल्या काळात बदललेल्या कॉईली, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे लवकर बुजलेले पडदे, गंजलेल्या तोट्या आणि जास्तीचा साबण धरला की हा भुर्दंड वर्षाला सहज दोन-अडीच हजारांवर जातो. हे आकडे गृहीतके आहेत, मोजणी नव्हे; वाचकाने आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत. पण कित्येक नगरपालिकांची वर्षाची पाणीपट्टीही याच पट्ट्यातली आहे, हे ध्यानात घ्यावे. पाणीपट्टी दोनशे रुपयांनी वाढवण्याचा ठराव आला तर सभागृहात रणकंदन माजते. तिच्याइतकाच दुसरा कर प्रत्येक घर निमूटपणे दुरुस्तीवाल्याच्या हाती देत असते.

आणि हा कर समान नाही. ज्याचे घर जुन्या गावठाणात धरणाच्या जलवाहिनीजवळ आहे, तो तुलनेने सुटतो. ज्याने कर्ज काढून शहराच्या कडेला, जलवाहिनी अद्याप न पोहोचलेल्या भागात भूखंड घेतला, तो पूर्ण भरतो. श्रीमंत गच्चीवर मृदूकरण यंत्र बसवून घेतो. गरिबाकडे गिझर नाही, म्हणून तो वाचला असे मानण्याचे कारण नाही. त्याच्या घरी डाळ शिजायला जादा गॅस जळतो, साबण जादा लागतो, आणि हांड्या-कळश्यांच्या आतला थर घासण्याचे श्रम बाईच्या वाट्याला येतात, ज्यांना राष्ट्रीय उत्पन्नात मोल नाही. खरी कोंडी मधल्या माणसाची होते. त्याने यंत्र हप्त्याने घेतलेले असते आणि हप्ते फिटण्यापूर्वी ते कुरकुरू लागते.

भाडेकरूची अवस्था तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घालावी अशी आहे. बोअर किती खोल घ्यावी, ती धरणाच्या पाण्यात किती मिसळावी, गच्चीवर यंत्र बसवावे की नाही, हे सारे निर्णय घरमालकाचे. नुकसान मात्र भाडेकरूच्या गिझरचे व यंत्राचे. निर्णय घेणारा एक आणि फळ भोगणारा दुसरा असला की सुधारणा होत नाही, हे पिगू यांनी १९२० मध्येच विस्ताराने मांडले होते. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी बदलून आलेल्या गावी घर घेताना पाण्याबद्दल विचारले, तेव्हा मालकाने अभिमानाने सांगितले, “सर, चोवीस तास पाणी आहे.” उत्तर खरे होते. पहिली कॉईल आठव्या महिन्यात गेली. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, “ही चुन्याची कांडी झाली सर, कंपनी काही देणार नाही.” त्याचे म्हणणेही खरेच होते. अनेक हमीपत्रांच्या बारीक अक्षरांत क्षारांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. विकताना पाण्याची चौकशी कोणी करत नाही. भरपाई नाकारताना मात्र पाणी आठवते.

यावर एक बचाव ऐकू येतो. यंत्रे बिघडतात म्हणून दुरुस्तीवाल्यांना काम मिळते, दुकाने चालतात, बाजारात पैसा फिरतो. फ्रेडरिक बास्तियाने १८५० मध्ये फुटक्या काचेच्या दृष्टान्ताने या युक्तिवादाचा समाचार घेतलेला आहे. काच बसवणाऱ्याची मिळकत डोळ्यांना दिसते. त्या पैशातून घरधन्याने जी वस्तू घेतली असती आणि आता घेणार नाही, ती दिसत नाही. लातूरसारख्या शिक्षणाच्या गावी ती न दिसणारी वस्तू बहुधा मुलाचे पुस्तक किंवा शिकवणीचे शुल्क असते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत मात्र जळालेली प्रत्येक कॉईल वाढ म्हणूनच नोंदली जाते.

ज्याला परवडते त्याने आपापली सोय पाहावी, हा दुसरा मार्ग आणि आज सर्वत्र तोच चालू आहे. या मार्गाची किंमत मात्र शेजाऱ्याच्या खात्यावर चढते. घरगुती मृदूकरण यंत्रात राळेचे मणी असतात. ते कॅल्शियम पकडून त्याजागी सोडियम सोडतात, आणि मणी थकले की मिठाच्या पाण्याने ते ताजे करावे लागतात. ते खारे पाणी मोरीतून नाल्यात, नाल्यातून जमिनीत, आणि जेथे गटारे धड नाहीत तेथे पुन्हा कोणाच्या तरी बोअरमध्ये उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी जी आर.ओ. यंत्रे घरोघर आली, त्यांतही एक लिटर शुद्ध पाण्यामागे सामान्यतः दोन-तीन लिटर अधिक क्षारयुक्त पाणी फेकले जाते. जेथे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे ही यंत्रे वापरू देऊ नयेत, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला बजावले होते ते याच कारणाने. शिवाय आर.ओ.ने गिझर वाचत नाही. ते बसते स्वयंपाकघरात.

सार्वजनिक पातळीवर पाणी मृदू करणे ही काही नवी कल्पना नव्हे. ॲबरडीनच्या थॉमस क्लार्क यांनी चुन्याच्या निवळीने पाण्यातील चुना काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १८४१ मध्ये घेतले. नेदरलँड्सच्या जलकंपन्यांनी १९७० च्या दशकापासून जलकेंद्रातच पाणी मृदू करण्याची पद्धत रुजवली. लाखो घरांनी लाखो यंत्रे बसवण्यापेक्षा एका ठिकाणी चुना काढणे स्वस्त, हा त्यामागचा विचार होता. आपल्या नगरपालिकांना उद्याच हे करा, असे सांगण्याचा हेतू नाही. ज्यांची गळती थांबत नाही, त्यांनी मृदूकरणाचे प्रकल्प हाती घ्यावेत हे सांगणे शहाणपणाचे होणार नाही. आणि धरणाचे पाणी बोअरच्या मानाने सामान्यतः सुफेनच असल्यामुळे, जलवाहिनी कडेच्या वसाहतींपर्यंत नेणे हेच आपल्याकडचे सर्वांत मोठे मृदूकरण ठरेल. तोवर निदान पाण्याची जात लोकांना कळू द्यावी. जर्मनीत २००७ च्या धुलाई-द्रव्यांच्या कायद्यानुसार पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला आपले पाणी सुफेन, मध्यम की दुष्फेन हे वर्षातून निदान एकदा ग्राहकांना सांगावे लागते. साबण-पावडरीच्या पुडक्यावर त्या-त्या पाण्याला किती माप पुरे हे छापलेले असते. यात एकाही नव्या टाकीचा खर्च नाही.

आपल्याकडे तर तपासणीही होतेच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींचे नमुने घेते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याच्या पेट्या देण्यात आल्या, आणि त्या पेटीतील चाचण्यांत दुष्फेनपणाही आहे. म्हणजे खेड्यातल्या बाईला जे मोजता येते, ते शहरातल्या करदात्याला कळत नाही! आकडा कोठल्या तरी नोंदवहीत असतो. तो पाणीपट्टीच्या बिलावर, प्रत्येक जलकुंभाच्या नावानिशी, छापण्याने कोणाचे काय बिघडेल? विजेच्या गिझरवर आज जी ताऱ्यांची चिठ्ठी असते, ती साठवलेल्या गरम पाण्याची उष्णता किती टिकते एवढेच मोजते. कॉईल किती दुष्फेनपणापर्यंत तग धरेल, ही एक ओळ त्या चिठ्ठीवर वाढवली तर ग्राहकाला बिलावरचा आकडा आणि ही ओळ शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल.

वसाहतींना याहून थोडे अधिक करता येईल. साऱ्या पाण्याचे मृदूकरण करण्याची गरज नाही. झाडांना, फरशीला, संडासाला जड पाणी चालते. केवळ गरम पाण्याची वाहिनी वेगळी काढली तर लहानसे सामाईक यंत्र पुरते. आणि सर्वांत सुफेन पाणी आपल्याच छपरावर पडते. लातूरकडे वर्षाला सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस होतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तो साडेसातशे मिलिमीटर धरला तर पंचाहत्तर हजार लिटर होतो; पाचवा हिस्सा वाया गेला तरी साठ हजार उरतो. रोज शंभर लिटर तापवणाऱ्या घराला हे पाणी दीड वर्षाहून अधिक पुरेल. अडचण साठवणीची आहे, कारण पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पाच हजार लिटरची टाकी पन्नास दिवसांत रिकामी होते. तरीही पावसाळ्यात ती पुन्हापुन्हा भरत असल्याने, वर्षातले पाच महिने गिझरला जड पाणी दाखवण्याची वेळ येणार नाही. छपरावरचे पाणी जमिनीत मुरवण्याची जी योजना आज बांधकाम परवान्यासाठी कागदावर दाखवली जाते, तिच्यात मुरवण्याच्या खड्ड्याआधी अशी एक टाकी घालण्याची मुभा आणि थोडी करसवलत नगरपालिकांनी द्यावी.

टँकरचा प्रश्न त्यानंतर उरतो, आणि तो अधिक सोपा आहे. नगरपालिका ज्या ठेकेदारांना टँकरचे काम देते, त्यांच्या करारात खेपांची संख्या, अंतर आणि दर असतो. पाणी कोणत्या विहिरीतून भरले आणि त्याचा दुष्फेनपणा किती, हे दोन रकाने त्यात वाढवावेत. खेपेची पावती देताना ते भरले गेले नाहीत, तर बिल अडवण्याचा अधिकार प्रभागातील पाणीपुरवठा अभियंत्याला असावा. येत्या उन्हाळ्याच्या निविदा निघण्यापूर्वी एवढे करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.